माहेरी आलेला पट

नत्थूजी रंगाऱ्यांनी आयुष्यभर कापडावर देवी काढली, पण त्यांच्या स्वतःच्या घरात तिचा एकही पट नव्हता. जुन्या मंगळवारीतल्या त्या घराच्या भिंतीवर मागल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, आईचा फोटो होता आणि फोटोशेजारच्या खुंटीवर बाबांची टोपी. लहानपणी वच्छलेला याचं काही वाटलं नाही. मिठाईवाला आपल्या घरी पेढे खात नाही, तसंच हेही असेल असं ती धरून चालली होती. बाबा आषाढात गेले. त्यांच्या हातचं काहीतरी आपल्यापाशी असावं म्हणून ती घर धुंडाळू लागली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की असं काही नाहीच.

रीतच तशी होती. पट म्हणजे नवरात्रात घटामागे लावायचं जाडंभरडं, पुरुषभर लांबीचं कापड. त्यावर जगदंबा. कोराडीची देवी सकाळी पोर असते, दुपारी बाई होते, संध्याकाळी म्हातारी, असं सगळेच मानतात. म्हणून नत्थूजींच्या पटावर ती तीनदा असे. डावीकडे परकरातली मुलगी, मधोमध सिंहावरची जगदंबा आणि उजवीकडे काठी टेकलेली, गाल बसलेली म्हातारी. पट विरला की गावाकडचं गिऱ्हाईक नवा सांगून जाई आणि न्यायला येताना जुना घेऊन येई. हा जुना पट म्हणजे माहेरी आलेली लेक. त्या दिवशी रंगाऱ्याच्या घरी पुरण शिजे. पटाला घडी न मोडता पाटावर ठेवून नैवेद्य दाखवत, ओटी भरत, आणि दुसऱ्या दिवशी नत्थूजी स्वतः तो कन्हान नदीत सोडून येत. नवा पट सासरी जायचा, जुना पाण्यात जायचा. घरात उरायची ती कलमं, हंडा आणि बाबांच्या नखांतला काळा रंग.

आता तोही नव्हता.

वच्छला कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. मरणावर माणसांनी जे जे लिहून ठेवलंय त्यातलं पुष्कळ तिनं वाचलं होतं. त्यातलं काहीच आता कामी आलं नाही, आणि त्याचा तिला रागही आला नाही. ती सुटीच्या दिवशी प्रताप नगरातल्या आपल्या घरून बसने मंगळवारीत यायची, कुलूप काढायची, केर काढायची आणि बाबांच्या बाजेवर थोडा वेळ बसून परत जायची.

आतल्या खोलीतली एक पेटी तेवढी तिला बाबांचे दिवस होण्याआधीच सापडली होती. बाबांच्या एका धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला पट होता आत. मृगाच्या आधी कन्हानवर धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला. काळं काम सगळं झालेलं. गुळाच्या पाण्यात लोखंड गंजवून केलेला तो काळा, हिरड्यात भिजवलेल्या कापडावर टेकला की क्षणात पक्का होणारा. मुलगी होती, बाई होती, म्हातारी होती, सिंहाची आयाळ एकेक केस सुटा दिसेल अशी होती. लाल तेवढा नव्हता.

लाल रंग कलमातून उतरत नाही. रंगारी कापडाला लावतो ती तुरटी, चिंचोक्याच्या खळीत कालवलेली. कुठे लावली ते दिसावं म्हणून तिच्यात चिमूटभर कच्चा रंग टाकतात, तो नदीच्या पाण्यात निघून जातो. मग कापड कोरंच दिसतं. पण आल नावाच्या झाडाच्या मुळ्या घातलेल्या पाण्यात उकळलं की जिथे जिथे तुरटी होती तिथे तिथे लाल येतो, आणि जिथे नव्हती तिथे येत नाही. पूर्वी खऱ्या मुळ्या असत. नंतर गांधीबागेच्या बाजारातून डब्यातली पूड यायला लागली, तरी घरात तिला आलच म्हणत.

म्हणजे बाबांनी शेवटचं जे काढलं ते या कापडावर होतं आणि दिसत नव्हतं.

हा पट पारशिवनीकडच्या एका शेतकरी घरचा होता. नत्थूजींची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून छापील पडद्यांकडे वळली होती. चकचकीत, स्वस्त, गुलाबी देव्या. हे एकच घर टिकून होतं. तेरवीला त्या घरचा मुलगा रुपराव आला. पानावरून उठल्यावर हात पुसत त्यानं अवघडून विचारलं, "बाई, आमच्या पटाचं काही झालं होतं का? मायनं विचारून ये म्हटलं. राग नोका मानू."

"नाही हो, भाऊ," वच्छला म्हणाली. "बाबांच्यानं पुरा झाला नाही."

ती इतक्या सहज बोलली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. खोटं तसं अर्धंच होतं. रुपरावानं मान हलवली, "बरं, माय सांगन काय करायचं ते," म्हणाला आणि गेला.

तिला तो पट हवा होता. एवढीच गोष्ट होती आणि ती तिनं स्वतःपासूनही लपवली नाही. बाबांनी घडवलेल्या एवढ्या देव्या नदीनं नेल्या. ही एक नेऊ नये. मनोहरराव, तिचे यजमान, त्यांना हे कळलं होतं. भल्या मनानं ते म्हणाले, "एक फोटो काढून ठेवू आपण. मोठा करून लावू. आणि मग देऊन टाक त्यांचं त्यांना."

"काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल काळाच येतो," वच्छला म्हणाली.

भाद्रपदात महालक्ष्म्या जेवून गेल्या, आभाळ निवळलं, आणि तिनं हंडा काढला.

घरात उकळीचं काम बायकांचं. आई गेल्यापासून ते शेजारच्या यमुताई करत; पारशिवनीचा पट मात्र त्यांच्या हाती अजून आला नव्हता. त्या कुंपणापलीकडून बघतच होत्या. वच्छलेनं चूल मांडली तशा न बोलावता आल्या आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली वं?"

"उकळी देते."

"तू? अन् जाळ कोण घालन? पुस्तकं जाळतं का काय?" त्यांनी खाली बसून लाकडं पुन्हा रचली. "त्याहिले तर तू नाही म्हणून सांगतलं ना? रुपराव मले भेटला जाता जाता."

वच्छला धायटीची फुलं निवडत राहिली. ही फुलं हंड्यात टाकली की लाल सगळीकडे सारखा बसतो, डाग पडत नाहीत.

"मले काय," यमुताई म्हणाल्या. "तुयं तू पाह्य. पण मंग उकळून काहून राहिली? तशीच ठेव घडी करून."

"मला बाबांचा लाल पाहायचा आहे."

यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग जाळाकडे. "अशी सरळ हलव," त्या म्हणाल्या. "तुही माय हलवे तशी. गोल फिरवलं तर पीळ पडते."

कापड आधी हंड्यात पिवळट दिसलं, मग मळकट गुलाबी. लहानपणी वच्छलेला इथेच भीती वाटायची, की या वेळी नाही येणार, सगळं असंच मळकं राहणार. आई म्हणायची, थांब, ती अजून उठली नाही. वाफेनं यमुताईंचं कपाळ भिजलं. वच्छलेनं लाकडी दांड्यानं कापडाचा एक पदर वर उचलला. सिंहावरच्या बाईचं लुगडं लालभडक होऊन वर आलं.

बाबांचा लाल. विटकरी नाही, कुंकवाचाही नाही. कापलेल्या डाळिंबाच्या आत असतो तसा.

त्यांनी दोघींनी मिळून कापड बाहेर काढलं, अंगणात धुतलं, दोरीवर घातलं आणि पाणी शिंपडत राहिल्या. उन्हात पांढरा भाग हळूहळू उघडत गेला. म्हातारीच्या कपाळावर कुंकू आलं. मुलीच्या परकराला ठिपके आले. आणि मुलीच्या पायाशी, जिथे काळ्या कामात काहीच नव्हतं, नुसतं रिकामं कापड होतं, तिथे एक हात आला.

पंजा. पाचही बोटं पसरलेला, लहान, लाल.

वच्छला आधी आपल्याच हातांकडे पाहू लागली. तुरटीचा हात कापडाला लागणं ही रंगाऱ्याच्या घरातली सगळ्यात मोठी चूक. लागताना कळत नाही, उकळल्यावर कळतं, आणि मग काही करता येत नाही. म्हणून कामाच्या खोलीत मुलांना बंदी असे. पण तिच्या हाताला आज तुरटी नव्हती, आणि हा हात तिचा नव्हताच. तीन-चार वर्षांच्या लेकराचा होता. या घरात कित्येक वर्षांत तेवढं लेकरू नव्हतं.

"यमुताई, हे काय?"

यमुताईंनी डोळे बारीक केले. "नत्थूजींचा हात हालत असन शेवटी," त्या म्हणाल्या. "म्हातारपण होतं ना बाई. सांडली असन तुरटी."

पण सांडलेल्या तुरटीला बोटं फुटत नाहीत. वच्छलेनं पट वाळवला, घडी केली आणि पुन्हा त्याच धोतरात गुंडाळून पेटीत ठेवला. बाबांचं शेवटचं काम होतं, आणि त्यात एक अशी गोष्ट होती जी तिला समजत नव्हती. विचारायला माणूस नव्हतं. प्रताप नगरच्या घरी भात टाकताना, ग्रंथालयात पुस्तकं लावताना तो पंजा तिच्या डोळ्यांपुढे येत राहिला.

पौर्णिमेला, उद्या पितृपक्ष लागणार अशा दिवशी, ती मंगळवारीत आली तर ओट्यावर एक म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, पायांवर धूळ, मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं. शेजारी रुपराव उभा. यमुताईंनी पाणी दिलेलं दिसत होतं.

"ही वच्छला," यमुताई म्हणाल्या. "आली पाहा."

"मी कौशल्या," म्हातारी म्हणाली. "रुपरावची माय. तू मले नाही ओळखत. तुह्या लग्नात मी आलती, पण लग्नात कोण कोणाले पाहते."

"बसा ना आत," वच्छला कुलूप काढत म्हणाली. "काकू, रुपरावभाऊंना मी सांगितलं होतं..."

"सांगतलं त्यानं. पट झाला नाही. नाही झाला तर नाही झाला, माणूसच गेलं तर कोण काय करन." कौशल्याबाई आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. "पण ही तर आली ना आमची. पार विरली. काढताना हातात येते. नवी मिळो का न मिळो, जुनीले माहेरी पोचवाच लागते. तिले का घरात कोंडून ठेवायची? तर म्हटलं, नत्थूजी नसले तं त्याची पोरगी आहे. उद्या पक्ष लागते, आजच जाऊ." त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली. "बसमध्ये मांडीवरून खाली नाही ठेवली मी. कोराडीपाशी कोळशाच्या ट्रकाच्या मागं गाडी एवढी थांबली, एवढी थांबली, की हा म्हणे माय, उतरून पायीच जाऊ."

"मी कुठी म्हटलं," रुपराव म्हणाला.

"मनात म्हटलं."

त्यांनी पट जमिनीवर पसरला. कडा झिजून जाळी झाल्या होत्या. धुपानं, दिव्याच्या काजळीनं पांढरा भाग तपकिरी पडला होता. म्हातारीचा चेहरा जवळजवळ गेला होता, नुसती काठी उरली होती. लाल मात्र होता. आणि परकरातल्या मुलीच्या पायाशी, पाचही बोटं पसरलेला, तो होता.

वच्छला खाली बसली.

"हा हात," ती म्हणाली.

"आमच्या देवीले हात असतेच," कौशल्याबाई म्हणाल्या, जणू सिंह असतोच म्हणावं तसं. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तुले नाही माहीत? नत्थूजी बोलले नाही कधी?"

"नाही."

"तुहा आहे ना हा."

बाहेर यमुताईंचा तांब्या घासण्याचा आवाज थांबला.

"मले सासरी येऊन चारक वर्षं झाले होते," कौशल्याबाई सांगू लागल्या. "माही सासू, तुळसाबाई, भल्ली कडक. तिनं पट सांगतला होता. तेव्हा तू अशी एवढीशी पोट्टी. तुही माय तुरटी कालवून ठेवून आत गेली, कच्चा रंग टाकायचा होता अजून. नुसती तुरटी पाण्यावाणीच दिसते. तू घातला हात, अन् टेकला कापडावर. कोणाले दिसलं नाही. उकळल्यावर आला वर." त्या हसल्या. "नत्थूजी पट घेऊन स्वतः गावी आले. सासूच्या समोर ठेवला, म्हणे, मावशी, नासला, दुसरा देतो काढून, तुमचं काही नाही घेत. घाबरले होते बिचारे. आम्ही सगळ्या दाराआडून पाहून राहिलो."

"मग?"

"माहे दोन लेकरं गेले होते त्याच्या आधी. एक तं नावही नव्हतं ठेवलं. मी पटाकडे पाहिलं, अन् मले रडू आलं. सासूच्या पुढं आवाज नव्हता काढला कधी, त्या दिवशी निघाला. सासू उठली, माह्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं. म्हणे, नत्थू, देवीच्या पायाशी लेकराचा हात आला, याले नासला म्हणतं का? राहू दे. अन् तोच लावला. मंग हा झाला." त्यांनी रुपरावाकडे मान केली. "अन् टिकला. आता मावत नाही दारात."

रुपराव दाराबाहेर पाहू लागला.

"तवापासून सासूनं सांगूनच ठेवलं. पट बदलन, हात नाही बदलायचा. दर खेपेले नत्थूजी काढून देत. हा त्याहिचाच काढेल आहे, पहिला तं कवाचा पाण्यात गेला. पण मी पहिला पाह्यला आहे ना, तसाच. तेवढाच. ही करंगळी अशी वाकडी, तशीच. मागल्या खेपेले मी म्हटलं त्याहिले, नत्थूजी, पोरगी तं तुमची आता संसाराले लागली, नोकरी करते म्हणतेत, अन् हात अजून एवढुसाच काढता का? तं म्हणे, बाई, इथं नाही झाली ती मोठी."

वच्छलेनं आपला उजवा हात पदराखाली घेतला. करंगळी अजून तशीच होती, जरा आत वळलेली. शाळेत मुली चिडवत. बाबांच्या तोंडून तिनं त्याबद्दल एक शब्द ऐकला नव्हता. ती शाळेत जाऊ लागली तेव्हापासून तर ते तिला कामाच्या खोलीत येऊच देत नसत. तू वाच, म्हणत. आपलं त्या खोलीत काही उरलं नाही, असं ती तेव्हा समजली होती आणि पुढेही तसंच समजत राहिली होती. आणि ते दर काही वर्षांनी, तुरटीत कलम बुडवून, नदीत धुतली की न दिसणाऱ्या रेघेनं, तिचा हात काढत होते.

ती उठली. आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. परत आली तेव्हा धोतरात गुंडाळलेली घडी तिच्या दोन्ही हातांवर होती.

"काकू, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पट झाला आहे."

नवा पट तिनं जुन्याच्या शेजारी पसरला. दोन मुली, दोन बायका, दोन म्हाताऱ्या, दोन हात. कौशल्याबाईंनी चष्मा वर केला, नव्या पटावर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. त्यांनी करंगळी शोधली असावी.

"मायबाई, लाल कसा आला आहे," त्या म्हणाल्या. "उकळी कोणी दिली?"

"हिनंच," यमुताई दारातून म्हणाल्या. "जाळ मी घातला. नाही तं पट कोराच राह्यला असता."

"तू खोटं काहून बोलली ते मी नाही विचारत," कौशल्याबाई वच्छलेला म्हणाल्या. "मले समजते. मी जुनी पोचवायले आली तर पारशिवनीच्या स्टँडावर दोनदा वाटलं, परत घेऊन जावं."

मग घरात एकदम कामं निघाली. यमुताईंनी पुरणाची डाळ आपल्या घरून आणली आणि ती मोजून घेतली नाही याबद्दल वच्छलेला दोन शब्द सुनावले. रुपराव नारळ आणायला गेला. जुन्या पटाला पाटावर ठेवलं, पुरणाचा नैवेद्य दाखवला, ओटी भरली. नव्या पटाचीही ओटी भरून तो कौशल्याबाईंच्या मांडीवर दिला. त्यांनी तो पदरात घेतला, लेक घेऊन निघालेल्या बाईसारखा.

निघताना ओट्यावर त्या थांबल्या. "जुनीले उद्या नेशीन का नदीवर?"

"बाबा दुसऱ्याच दिवशी नेत," वच्छला म्हणाली.

"उद्या तं पक्ष लागते." कौशल्याबाईंनी चप्पल पायात सरकवली. "पक्षात कोणी माहेरवाशीण पाठवते का? अन् मंग नवरात्र. नवरात्रात तिले कोण बाहेर काढन? दसरा होऊ दे. माहेरी आलेली बाई आहे, जेवली की निघाली, असं असते का कुठी?"

"आम्ही नाही सांगत कोणाले," रुपराव म्हणाला.

"तुले कोणी विचारलं आहे?" त्याची आई म्हणाली, आणि दोघं बसच्या वाटेला लागले.

त्या नवरात्रात जुना पट बाबांच्या खोलीत लागला, आईच्या फोटोशेजारी. टोपीची खुंटी तेवढी बाजूला सरकवावी लागली. वच्छलेनं रोज ग्रंथालयातून येताना मंगळवारीत उतरून दिवा लावला. मनोहररावही एकदा आले. पटापुढे बसले, हात जोडले, आणि तो पंजा पाहून बायकोकडे पाहिलं. तिनं करंगळी पुढे केली. त्यांनी ती नुसती धरून ठेवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामठीच्या बसनं कन्हानवर गेली. सोबत यमुताई. त्यांनी काठावर बसून घेतलं आणि म्हणाल्या, "तू जा, मी चपला सांभाळते."

पाणी स्वच्छ झालं होतं. ती गुडघाभर पाण्यात उतरली. बाबा पट सोडण्याआधी एक गोष्ट करत, ती तिला ठाऊक होती. लहानपणी पाहिलं होतं. ते पटाचं एक टोक पाण्यात भिजवून आपल्या धोतरावर घासत आणि रंग लागला का ते धोतर उन्हात धरून बघत. बरीच वर्षं देवघरात राहून आलेल्या कापडाचीही ते परीक्षा घेत.

तिनं पिशवीतून त्यांचं धोतर काढलं. पटाचा डावा कोपरा भिजवला, जिथे मुलीचे पाय होते. धोतरावर ठेवला आणि बोटांनी जोर देऊन घासला, परत घासला. धोतर उचलून उन्हात धरलं.

पांढरं होतं. रंग उतरला नव्हता.

"निघाला का वं?" यमुताईंनी काठावरून विचारलं.

"नाही," वच्छला म्हणाली, आणि पट पाण्यावर पसरून सोडला.